दारावर मी आणि वाट बाजूने

मित्रांनो, मला शोधत कर्वेनगरात आलात तर मी दिसणार नाही. मी एक प्रोग्रॅम आहे. मला प्रॉक्सी म्हणतात. नाव परके वाटले तरी माझे काम तुमच्या ओळखीचे आहे, कारण तेच काम सोसायटीच्या फाटकावर वॉचमनकाका करतात. आलेल्याला थांबवायचे, ओळख विचारायची, पटली तरच आत सोडायचे. फरक एवढाच, की मी सर्व्हरवर एका कंटेनरमध्ये राहतो. ती माझी बंदिस्त खोली. माझे सगळे सामान तिच्यातच असते, त्यामुळे मला खोलीसकट उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवले तरी माझे काही अडत नाही.

मला इथे बसवले रुपालीताईंनी. त्या यवतमाळहून पुण्यात आल्या आणि एका संस्थेचे संगणकाचे काम पाहू लागल्या. घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या बायकांना ही संस्था आधार देते. प्रत्येकीची माहिती सर्व्हरवर असते. तिच्यावर काय गुदरले, कोर्टाची तारीख कधी आणि ती सध्या कुठे राहते. हा पत्ता नको त्या माणसाला कळला तर तिच्या जिवाशी गाठ. म्हणून रुपालीताईंनी सगळ्या माहितीच्या पुढ्यात मला उभे केले. मी पासवर्ड विचारतो, मोबाईलवर आलेला आकडा विचारतो आणि मग त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी आत पाठवतो. आतला प्रोग्रॅम ती चिठ्ठी पाहून कपाट उघडतो. तो स्वतः कोणाला काही विचारत नाही. चिठ्ठी आली म्हणजे माणूस खरा, एवढेच त्याला ठाऊक.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बायकांशी बोलून त्यांची माहिती लिहून घेणाऱ्या हेमाताई म्हणाल्या, "आता मला घरी शांत झोप लागते." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

पण संस्थेचे अध्यक्ष गोपाळकृष्ण सर माझ्यावर पहिल्यापासून नाराज. सर निवृत्त मुख्याध्यापक. पासवर्ड विसरायचे ते, आणि चिडायचे माझ्यावर.

"अहो, ही संस्था मी उभी केली," ते एकदा कडाडले. "आणि हा मलाच विचारतो, आपण कोण?"

"सर, तो सगळ्यांनाच विचारतो," हेमाताई म्हणाल्या.

"मग सगळ्यांना विचारू दे की! मी सगळ्यांत मोडतो का?"

आता सांगा, मी काय वावगे केले होते? शाळेत उशिरा आलेल्या मुलांना याच सरांनी जन्मभर फाटकावर अडवले असेल. पण स्वतःला कोणी अडवले की तो अपमान!

रुपालीताई रजेवर गेल्या तेव्हा त्यांचे काम त्यांच्या हाताखालच्या अभिनवकडे आले. सरांनी त्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, "सर, टेम्पररी एक डायरेक्ट लिंक देतो. नो पासवर्ड." आणि त्याने मला वगळून थेट आतल्या प्रोग्रॅमपर्यंत वाट काढून दिली. त्या वाटेने जो येईल त्याच्या हाती सरांच्या नावाची चिठ्ठी आयतीच. लिंकला बोट लावील तो अध्यक्ष! मी पुढच्या दारावर इमानेइतबारे हेमाताईंनासुद्धा थांबवत होतो आणि बाजूची भिंत पाडलेली होती. तिकडून कोण जाते हे मला दिसतही नव्हते. मला आजही त्याचा संताप येतो.

पुढचा पराक्रम सरांचाच. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींचा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आपली संस्था किती आधुनिक झाली हे तिथे दाखवायला नको? सरांनी तीच लिंक टाकली आणि खाली लिहिले, 'आमचा नवा डिजिटल कारभार. अवश्य पाहावा.'

मंडळींनी अवश्य पाहिला. त्यांत महिपती नावाचे गृहस्थ होते. संस्थेकडे मदत मागायला आलेल्या शालूताई या महिपतींच्या पुतण्याची, दिग्विजयची बायको. वाघोलीचे सासर सोडून त्या लोणी काळभोरला एका मेसमध्ये पोळ्या लाटत होत्या आणि जवळच खोली घेऊन राहत होत्या. महिपतींना यादीत सुनेचे नाव दिसले, नावापुढे खोलीचा आणि मेसचा पत्ता दिसला. त्यांनी तो पुतण्याला दाखवला.

दिग्विजय मेसच्या दारात जाऊन उभा राहिला. आतल्या बायका लाटणी घेऊन बाहेर आल्या म्हणून निभावले. शालूताईंनी त्याच दिवशी खोली सोडली, कामही सोडले.

दुसऱ्या दिवशी त्या संस्थेत आल्या, तेव्हा सरांचे माझ्यावर खापर फोडून झाले होते. "ही यंत्रणा कुचकामी आहे. काढून टाका!"

रजेवरून धावत आलेल्या रुपालीताई म्हणाल्या, "सर, याच्या दारातून कोणीच आलं नाही. सगळे तुमच्या लिंकनं आले."

"मी चांगल्या हेतूनं पाठवली होती."

"चुलत्यानं मोबाईलवर दाखवलं, असं त्यो सांगत व्हता," शालूताई म्हणाल्या. "तुमच्या इस्वासावर पत्ता दिला व्हता, सर."

रुपालीताईंनी सगळ्यांसमोर ती वाट बुजवली. हेमाताईंनी शालूताईंचे पान उघडले आणि हळूच विचारले, "नवा पत्ता सांगतेस ना?"

"न्हाई ताई."

"अगं, काही झालं तर आम्ही पोचणार कसे?"

"तुम्ही न्हाई पोचला तरी चालंल. त्यो पोचाया नको."

मित्रांनो, उद्या कुठल्या दाराने तुम्हाला ओळख विचारली तर कृपा करून फुगून बसू नका. त्या दाराआड तुमच्या मानापेक्षा मोठे काहीतरी ठेवलेले असते. आणि आडवाट काढून द्या म्हणणारा कितीही थोर असला, तरी त्याला तोंडावर नाही म्हणा.

सर आता माझ्याच दारातून येतात, कुरकुरत का होईना. कोर्टाची तारीख जवळ आली की हेमाताई येतात. मी ओळख विचारतो, चिठ्ठी देतो, आत सोडतो. त्या शालूताईंचे पान उघडतात. पत्त्याची जागा रिकामी असते. त्या पान मिटून परत जातात, आणि मी त्या रिकाम्या जागेवर पहारा देत राहतो.