डॉल्फिनचं रक्त आणि कडूबाचा खिसा

मी बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, टोपण जांभळं. एरवी माझ्या वतीनं यंत्रच बोलतं. पण त्या दिवशी त्यानं जे सांगितलं ते खोटं होतं, म्हणून तोंड उघडतेय.

मराठवाड्यात समुद्र नाही, तरी शेंद्र्याला डॉल्फिन आली होती. खेळवाल्या मालकानं टँकरचं पाणी आणि पोत्यानं खडेमीठ ओतून हौद भरला. डॉक्टर कालिंदीबाईंनी मात्र अट घातली, आधी रक्त तपासू. जनावराला ताण असेल तर खेळ बंद आणि रवानगी समुद्राकडे. नसेल तर मेअखेरपर्यंत उड्या.

जीव घाबरला की मेंदूखालची ग्रंथी एक हार्मोन रक्तात सोडते. ते भारी नाजूक. बर्फात टिकतं, उकाड्यात मोडतं. बाईंनी माझ्यात रक्त भरलं, मला बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि शहरातल्या लॅबचा शिपाई कडूबा याला बजावलं, "पोचेपर्यंत डबा उघडायचा नाही."

कडूबा शेंद्र्याचाच. त्या दिवशी अक्षय तृतीया. त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, लॅबच्या सरांसाठी आमरस दिला. उन्हात नासू नये म्हणून त्यानं डबा उघडला आणि मला पाहून थबकला.

"पितरांच्या निवदाचा रस आन् रक्त एका डब्यात? नाय बा!"

रस बर्फात गेला. मी कडूबाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. मी पडू नये म्हणून एसटीत खिशावर हात धरून बसला होता बिचारा. तेवढ्यात एसटी पंक्चर. वैशाखाचं ऊन, माणसाच्या अंगाची ऊब, अडीच तास. माझ्यातलं हार्मोन मुकाट्यानं मोडत गेलं. शहरातला क्रांती चौक आल्यावर त्यानं मला परत बर्फात घातलं.

लॅबमध्ये मी थंडगार पोचले. मधुसूदन सर "शाब्बास" म्हणाले. यंत्रानं आकडा दिला, अगदी कमी.

"मजेत आहे की डॉल्फिन!" सर दुसरी वाटी रस पीत म्हणाले. समोर बसलेल्या मालकानं अहवालावर सहीसाठी पेन पुढं केलं.

कडूबा दारात उभा होता. हौदाच्या भिंतीवर डोकं आपटणारी डॉल्फिन त्यानं रोज पाहिली होती. नोकरी अजून कच्ची, घरी खाणारी चार तोंडं. हा गप्पच बसणार, असं मला वाटलं. मी तरी त्याला नावं ठेवली नसती.

"सायेब, थांबा. नळी बर्फात नव्हती. माह्या खिशात व्हती. रस नासंल म्हनून म्याच काढली."

सरांनी वाटी खाली ठेवली. मालक आरडाओरडा करू लागला. सरांनी कागद फाडला.

दुसरी नळी सर स्वतः जाऊन बर्फातून घेऊन आले. आकडा पाचपट निघाला. गुरुवारी डॉल्फिन ट्रकातून कोकणाकडे निघाली. कडूबाला त्याच दिवशी कामावरून काढलं. मला लई वाईट वाटलं.

मी आता जाळायच्या पिशवीत आहे. जाता जाता एक मागणं आहे. कडूबाला परत कामावर घ्या. रक्त न्यायला त्याच्याइतका भरवशाचा माणूस तुम्हाला मिळायचा नाही.