थोरल्यांचं मरण

“शत्रूला आधी वजन द्यायचं, बाई. दात काय, मागाहून बसवता येतात.”

चित्रकलेच्या मास्तरांचं ते जुनं बोलणं आठवत तिने कपाटावरची सगळ्यात जड गादी खाली ओढली, गुंडाळली, दोरीने आवळली आणि खोलीच्या मधोमध आडवी टाकली. वर जाडसर चादर पांघरली. मग दारापर्यंत मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. मेलेला ड्रॅगन काही दिसेना. कुणीतरी घर बदलायला निघालंय, एवढंच दिसत होतं.

तरीही तिने ते रेखाटलं. पंख दिले, खवले भरले, मान वाकवली, आणि पान संपादकबाईंकडे पाठवून दिलं. तासाभरात फोन आला.

“हा मेलेला नाही हो, ताई. ह्याला कुणीतरी बांधून ठेवलाय.”

तिने कपाळाला हात लावला. बोटाची शाई कपाळावर उमटली, ती तिला संध्याकाळी आरशात दिसली.

मांगा मालिका होती तिची, जपानी धाटणीची चित्रकथा. गोष्ट धाकटा भाऊ लिहायचा, चित्रं ती काढायची. भालाधारी मुलगी, नदीकाठचं राज्य, आणि त्या राज्याच्या मानगुटीवर बसलेला म्हातारा ड्रॅगन. गोष्टीतले गावकरी भीतीने त्याचं नाव घेत नसत, ‘थोरले’ म्हणत. “थोरले उठले,” असं कुणी म्हटलं की दारं लागायची. वाचक भालाधारी मुलीवर जीव टाकत आणि थोरल्यांना शिव्या घालत. पण ज्या भागात थोरले नसत, तो भाग मुकाट्याने पडून राही. आता मालिका संपत होती. फक्त शेवटचं मोठं पान अडलं होतं, आणि शनिवारी छपाई.

भावाने त्या पानासाठी लिहून दिलं होतं, ‘थोरले पडतात. शांतता.’ एवढं लिहून तो गाढ झोपला होता.

“लिहायला तुझं काय जातंय,” ती त्याला म्हणाली. “मारायचं मला आहे.”

तो बिचारा येऊन आडवाही झाला. पण त्याची अंगकाठी अशी, की वाळत घातलेला पायजमा वाऱ्याने खाली पडावा तसा तो दिसला. तिने दोन रेघा ओढल्या आणि त्याला चहा देऊन घरी पाठवलं. शेजारणीचा लठ्ठ कुत्रा दुपारी जिन्यात झोपायचा, त्याच्याजवळ ती वही घेऊन बसली. त्याने झोपेतच शेपूट हलवली. संपादकबाई म्हणाल्या, हा आता स्वप्न बघतोय. एक पान परत आलं, मग दुसरं आलं. तिचं मनगट ठणकत होतं, आणि त्याहून जास्त डोकं. कारण खरी अडचण कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. ती अडचण दोन गल्ल्या पलीकडे राहत होती आणि हट्टाला पेटली होती.

थोरले म्हणजे तिचे बाबा.

बाबांनी सारी नोकरी कारखान्यातल्या क्रेनवर काढली. उंच केबिनमध्ये बसून खाली बघायचं, हेच काम. निवृत्त झाले तरी मान तशीच, किंचित पुढे आणि खाली. समोरचा माणूस त्यांच्याहून उंच असला तरी ते त्याच्याकडे वरूनच बघत. थोरल्यांची ती नजर, जिने वाचकांच्या अंगावर काटा यायचा, ती तिथून आली होती. दर गुरुवारी ती वही घेऊन बाबांकडे जायची. ते पाठीवर रजई घेऊन कोपरांवर रेलायचे, चादरीचा पीळ करून त्याची शेपटी स्वतःच कमरेला बांधायचे, आणि गुरगुरायचे. चित्राला आवाज नसतो, असं तिने कितीदा सांगितलं.

“आवाजाशिवाय माझा जबडा उघडत नाही,” ते म्हणायचे.

औषधांच्या दुकानात तर त्यांनी उघड सांगून टाकलं होतं, की त्या पुस्तकातला राक्षस मीच. दुकानदार तेव्हापासून त्यांना रांगेत पुढे घ्यायचा.

असा हा हौशी माणूस, मरायची वेळ आली तसा अंग चोरायला लागला. एका गुरुवारी गुडघा दुखला. पुढच्या गुरुवारी फरशी गार लागत होती. नंतरच्या खेपेला ती पोचली तर दाराला कुलूप. नेमके त्याच वेळी ते केस कापायला गेले होते. डोक्यावर उरलेत किती, आणि कापायचे किती!

म्हणून आज, शुक्रवार असूनही, ती त्यांच्या दारात उभी होती.

“आज शुक्रवार,” दार उघडताच बाबा म्हणाले.

टेबल खोलीच्या मधोमध होतं. गुरुवारी ती यायच्या आधीच ते भिंतीला सरकवलेलं असे. तिने वही काढली, पेन्सिल काढली.

“उद्या छपाई आहे, बाबा. पाच मिनिटं आडवे व्हा.”

“नाही होत.”

“गुडघा?”

“गुडघा बरा आहे.”

मग त्यांनी हुज्जत सुरू केली. एवढासा भाला, एवढीशी पोर, आणि थोरले त्याने मरतात? पटतं का कुणाला? त्यापेक्षा नदीत बुडी मारून जाऊ दे की पलीकडे. डोंगरात विश्रांतीला पाठव. हवा बदलली की बरं वाटेल त्याला. ती म्हणाली, गोष्ट लिहून झालीय, धाकट्याने कधीच दिलीय. बाबा म्हणाले, त्याला सांग, बापाला विचारून लिहीत जा.

गादी, पायजमा, कुत्रा, परत आलेली पानं, सगळं एकदम तिच्या तोंडाशी आलं.

“साधं मरायला सांगितलं तर किती आढेवेढे घ्याल?”

बोलली आणि जीभ चावली. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

“पुढची गोष्ट कसली?” त्यांनी विचारलं.

“जहाजावरच्या मुलींची.”

“त्यात म्हातारं कुणी?”

“नाही.”

“एखादं मोठं जनावर?”

“एक मांजर आहे.”

बाबांनी स्वतःचे रुंद पंजे उलटसुलट करून पाहिले. “मांजराला काय,” ते म्हणाले, “कुणीही चालेल.”

पेला कुठे ठेवावा म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. आरामखुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे, टेबलावर औषधं, चष्मे, घड्याळाचे सुटे भाग. पलंगाच्या कडेलाही पिशव्या टेकलेल्या. एकट्या माणसाचं घर जसं हळूहळू भरत जातं तसं ते भरलं होतं. रिकामं होतं ते फक्त खिडकीजवळचं स्टूल, जिथे बसून ती चित्र काढायची. त्यावर धूळसुद्धा नव्हती.

ती आठवू लागली, वही न घेता आपण ह्या घरात शेवटचं कधी आलो. दिवाळी-दसरा नव्हे, आजारपण नव्हे, असंच, उगाच. पाणी संपलं तरी तिला आठवेना. तिला वाटत आलं होतं की बाबा तिच्या कामात वेळ देतात. ती त्यांच्याकडे बघायची, तास-तास बघायची, कान, गळ्याची सैल कातडी, पापणीवरचा तीळ. एवढं तिने दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नव्हतं. एवढं त्यांच्याकडेही दुसरं कुणी पाहत नव्हतं.

“मी गुरुवारी येते,” ती म्हणाली.

“थोरले गेल्यावर कशाला?”

“येते म्हटलं ना.”

“तुझा वेळ मोडेल.”

“मोडू दे.”

बाबांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं, क्रेनवरून ओझ्याचा अंदाज घ्यावा तसं. टेबल भिंतीला सरकवलं, औषधाच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. रजई घेतली. शेपटी बांधायला सुरुवात केली, मग ती सोडून बाजूला ठेवली आणि सावकाश, एक हात टेकत, आडवे झाले. ह्या वेळी गुरगुरले नाहीत. खांदा फरशीला लागला, मग डोकं, मग पंजा तळवा वर करून मोकळा पडला. खोलीतलं सगळं वजन त्या एका अंगात उतरलं.

ती स्टुलावर बसून काढत होती. पेन्सिलीचा आवाज होत होता.

बऱ्याच वेळाने एक डोळा किलकिला झाला.

“मेलो का?”

“अजून थोडं राहिलंय.”

“सावकाश काढ,” ते म्हणाले आणि डोळा मिटला.

संपादकबाईंनी ते पान पाहून फक्त “हं, आता गेला” म्हटलं. पान छापलं गेलं. वाचकांनी टाळ्या पिटल्या, काहींनी नाही.

पुढच्या गुरुवारी मात्र जहाजाने घोळ घातला. शिडाचे दोर चुकले होते. मुलींचे चेहरे सगळे एकसारखे, वेगळं होतं ते फक्त मांजर. तिने पान फाडलं, दुसरं घेतलं, तेही फाडलं. एवढ्यात संपादकबाईंचा फोन आला. मुखपृष्ठ आजच ठरवायचंय, छापखान्याचे लोकही येतायत, चारला या.

तिने घड्याळाकडे पाहिलं.

“आज नाही जमणार.”

“काय आहे आज?”

“वडिलांकडे जायचंय.”

“अरे देवा. तब्येत?”

“तब्येत उत्तम आहे.”

मग बाईंनी विचारलं, की तसं असेल तर उद्या गेलं तर नाही का चालणार. रास्तच प्रश्न होता. दोर चुकलेले होते, वेळ थोडा होता, आणि तिकडे काम काहीच नव्हतं.

“आज गुरुवार आहे,” ती म्हणाली.

तिने पेन्सिली डब्यात ठेवल्या, हात साबणाने धुतले, नखातली शाई जमेल तेवढी काढली. दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिला कळेना, रिकामे हात चालताना कसे धरायचे असतात. ते तसेच दोन्ही बाजूंना सोडून ती पहिल्या गल्लीत वळली.