लपवलेली किसणी

मित्रांनो, मी एक जुनी किसणी आहे. पत्र्याची, लाकडी दांड्याची, मधल्या दातांची धार गेलेली. पालेर्मो शहरातल्या एका चाळण्या करणाऱ्या कारागिराने खिळ्याने एकेक भोक ठोकून मला घडवले. तेव्हापासून चाळीस वर्षे मी एकाच घरच्या पावाच्या गाड्यावर राबते आहे.

वर्षभर मला फारसे कोणी विचारत नाही. पण दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, माझा रुबाब बघावा. सकाळपासून कबरस्तानाच्या फाटकापाशी आमचा गाडा लागतो आणि फुले घेऊन आलेली माणसे आधी मुफोलेत्ता मागतात. बडीशेप घातलेला मऊ गोल पाव गरम असतानाच फाडायचा. त्यात ऑलिव्हचे तेल, ओरेगानो, दोन खारवलेले मासे आणि वर मेंढीच्या दुधाचे चीज. ते चीज किसण्याचा मान माझा. गाड्याचा मालक लिबोरियो घाईघाईने किसायचा आणि दरवर्षी अंगठा खरचटून घ्यायचा. मग बोट झटकत म्हणायचा, "घ्या, किसणीने आपला हिस्सा घेतला!" गिऱ्हाइके हसायची.

एक गोष्ट मात्र मला कायम छळत आली. आमच्याकडे त्या सणाच्या आदल्या रात्री मेलेली माणसे घरी येतात, मुलांसाठी साखरेच्या बाहुल्या आणि खाऊ ठेवून जातात. आणि जी मुले वाईट वागली असतील, त्यांचे पाय किसतात. कशाने? तर किसणीने! म्हणून दरवर्षी संध्याकाळीच मला फडक्यात गुंडाळून पिठाच्या पिंपात पुरतात. ते कसे येतात, दारातून की खिडकीतून? पायात जोडे असतात का? एवढा खाऊ उचलतात कसा? चाळीस वर्षे मी पिठात नाक खुपसून हाच विचार करत आले. मी तर आजवर एकही पाय किसलेला नाही.

या वसंतात लिबोरियो गेला. गाडा त्याच्या बायकोने, निन्फाने, पुढे चालवायला घेतला. सण जवळ आला तशी ती धास्तावली होती. तिच्या हातचा मुफोलेत्ता लोकांना पसंत पडेल की नाही, याचाच तिला घोर. तरी संध्याकाळी तिने मला रिवाजाप्रमाणे पिठात लपवले.

थोड्या वेळाने पिंपाचे झाकण हलले. तिची सात वर्षांची मुलगी अगातीना मला बाहेर काढत होती. तिने मला आपल्या पांघरुणात, पायाशी ठेवले. मी हरखून गेले. आता सगळे दिसणार! पण पांघरूण होते माझ्याच तोंडावर. मला कळली ती फक्त दोन इवली गार पावले.

सकाळी काय घडले ते मी मागाहून ऐकले. निन्फाने पिंपात हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. सगळे पीठ उपसले, तरी मी नाही. गाडा तसाच लावावा लागला. नेहमीचे गिऱ्हाईक गास्पारे काका चिजाशिवाय मुफोलेत्ता घेईनात. लिबोरियो असता तर असे झाले नसते, असे कोणीतरी पुटपुटले. शेजारची फिलिप्पा मावशी म्हणाली, "मेलेल्यांनीच नेली असेल गं, त्यांनाही चीज लागत असेल." निन्फाला हसू आले नाही. मावशीवर गाडा सोपवून ती घरी धावली.

अगातीना खाऊ शोधायला उठलीच नव्हती. मला पोटाशी धरून बसली होती.

"आई, मीच घेतली."

"अगं, सगळी पोरं हिला लपवतात, आणि तू पायाशी घेऊन झोपलीस?"

"पप्पांनी दवाखान्यात बोलावलं होतं, तेव्हा मी घाबरले आणि गेलेच नाही. म्हटलं, मी वाईट वागले ना, मग पाय किसायला तरी येतील." तिने पाऊल पुढे केले. "बघ ना. एक ओरखडासुद्धा नाही. आलेच नाहीत ते."

निन्फाने ते पाऊल दोन्ही हातांत धरले. तिचे डोळे भरून आले.

"ते रागावले नव्हते गं तुझ्यावर. पोरीला बळजबरी आणू नकोस, असं त्यांनीच सांगितलं होतं मला. ऊठ आता, लोक खोळंबलेत. आज चीज तू किसायचंस."

गाड्यापाशी खोक्यावर उभी राहून अगातीना किसू लागली. बापासारखीच घाई. गास्पारे काकांचा पाव होतो न होतो तोच तिचा अंगठा माझ्या दातांवर घासला. तिने बोट झटकले आणि तिच्या तोंडून आपसूक निघाले, "घ्या, किसणीने आपला हिस्सा घेतला!"

निन्फाचा तेलाचा हात थांबला. गास्पारे काकांनी टोपी काढली. अगातीना त्या लालसर ओरखड्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आई, आले."

मित्रांनो, ते कसे येतात हे मला तेव्हा कळले. तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी, बोथट किसणी असेल, तर तिला भंगारात देऊ नका. धुऊन, कोरडी पुसून जवळ ठेवा. कोणाला तरी तिच्या वाटेने घरी यायचे असेल.