शाळेसमोरचा गळका नळ

आमच्या बाबांना गळका नळ दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्यासाठी ठेवलेला चहा गार व्हायच्या आत ते हात पुसत उठतात. त्यामुळे शाळेसमोरच्या वह्या-पेनांच्या दुकानातला एकच नळ त्यांना अख्खा आठवडा पुरला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता!

पण आधी मागचं सांगते. मागच्या सहामाहीत माझी शाळा सुटली. मी सोडली नाही हं, ती सुटली. फाटकाशी पोचलं की हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची, श्वास पुरायचाच नाही. एकदा तर मी तिथेच कोसळले. डॉक्टरांनी सगळं तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि दवाखान्याच्या मागे मुलांच्या मनासाठी जे केंद्र आहे, तिथे पाठवलं.

"मनाचं?" आई घाबरली. "आपल्या पोरीला काय वेड लागलंय?"

"ते तर जन्मापासून आहे," दादा म्हणाला.

कित्येक दिवसांनी मी हसले. त्याला चप्पलही फेकून मारली.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. खाली सतरंजी, कोपऱ्यात रंगीत मातीचे डबे आणि वर कुरकुरणारा पंखा. तिथल्या समुपदेशक बाईंना सगळे ताईच म्हणतात. त्यांनी एकट्या मला नाही, घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं.

"झोप लागते का गं?" त्यांनी मला विचारलं.

"छे, अजिबात नाही," बाबा म्हणाले.

"आणि जेवण?"

"नुसती चिवडत बसते," आई म्हणाली.

"बरं, तुला आवडतं काय?"

"आरसा," दादा म्हणाला.

ताईंना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "या खोलीत ज्याचं त्याने बोलायचं. आता आपण हिच्यासाठी थांबू." आणि खरंच थांबले की सगळे! आमच्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, तिथे तीन माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला इतकं भरून आलं की बोलायच्या आधी मी रडूनच घेतलं.

मग आमचं काम सुरू झालं. आधी फक्त फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. मग पटांगणात, मग एक तास वर्गात. भीती आली की पळायचं नाही, तिला शेजारी बसू द्यायचं. ताई म्हणाल्या, तिला एखादं नाव दे. मी तिला आत्याबाई म्हणायला लागले, कारण ती न कळवता येते, सगळं घर कामाला लावते आणि थोड्या वेळाने आपली आपण निघून जाते.

"माझ्या बहिणीच्या कानावर नको जाऊ देऊस," बाबा म्हणाले.

बाबा सुरुवातीला हत्यारांची पिशवी घेऊन फाटकावर बसायचे. ते ठरलेलंच होतं. मी अर्ध्या दिवसापर्यंत पोचले, तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं की परीक्षेआधी पूर्ण दिवस बसायला लागली तरच हिला यंदा परीक्षा देता येईल, नाहीतर हाच वर्ग पुन्हा. म्हणजे मैत्रिणी पुढे जाणार आणि मी मागे राहणार! ताई म्हणाल्या, "आता बाबांनी फाटकावरून कामाला जायचं."

"जातो की," बाबा म्हणाले. आणि गेले. रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात!

माझा बाक खिडकीशी आहे. आत्याबाई आल्या की मी खाली बघायची, बाबा तिथून हातातला पाना हलवायचे, आणि आत्याबाई पसार. मी पूर्ण दिवस बसायला लागले. घरात सगळे खूश. फक्त दुकानदार काका वैतागले होते. मधल्या सुट्टीत मी स्वतः ऐकलं, "अहो, हा नळ दुरुस्त होतोय की म्हातारा होतोय?"

आणि एके दुपारी मी खाली बघितलं तर पाना नाही, बाबा नाहीत, कुणीच नाही. ते नळाचं वायसर आणायला गेले होते, हे मला नंतर कळलं. मला मात्र काही सुचेना. वर्गातून उठले, जिना उतरले ती थेट फाटकापर्यंत धावले. पूर्ण दिवसाचं माझं सगळं नाटक तिथेच संपलं.

ताईंसमोर बाबा मान खाली घालून बसले. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

बाबा म्हणाले, "ती पडली तेव्हा मी एका टाकीत उतरलो होतो. फोन वर पिशवीत वाजत होता. परक्या माणसांनी तिला उचलून घरी आणलं. सगळ्यांना कळलं, बापाला सगळ्यात शेवटी."

बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं, भीती म्हणजे फक्त माझी मालमत्ता.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही दिसलात की मला बरं वाटतं. पण मग नाही दिसलात की जीव जातो. उद्या लांबचं काम घ्या. खरंच लांबचं."

"आणि परत पडलीस तर?"

"तर उठेन. तिथे बाई आहेत, मैत्रीण आहे. संध्याकाळी तुम्हाला सगळं सांगेन."

आईने डोळ्यांना पदर लावला. "एवढं बोलायला कधी शिकली ही?"

"ताई, आता हिला बंद कसं करायचं तेही सांगा," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आत्याबाई आल्याच. मी खाली बघितलं. दुकानदार काका निवांत हात धूत होते. पाना हलवणारं कुणी नव्हतं. माझे कान तापले, हात गार पडले. मी पाय जमिनीवर घट्ट टेकवले आणि शेजारी बसणाऱ्या माझ्या चष्मिस मैत्रिणीला हळूच म्हणाले, "माझी धडधड वाढलीय. काही करू नकोस, नुसती बस."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे गणित तुला सुटलं का?"

"नाही."

"मलाही नाही."

का कोण जाणे, आम्हाला हसू फुटलं आणि ते थांबेचना. बाई कडाडल्या, "खिडकीजवळच्या दोघी, उभ्या राहा!" आजारी म्हणून इतके दिवस मला कुणी साधं ओरडतसुद्धा नव्हतं. मी इतक्या आनंदाने उभी राहिले की बाई चक्रावल्या. धडधड कधी थांबली ते कळलंही नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा मी वर्गातच होते!

संध्याकाळी बाबा नखशिखांत भिजून घरी आले. लक्ष लागत नव्हतं, पाइप उलटा जोडला म्हणे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच! पण दिवसभरात फोन एकदाही केला नव्हता त्यांनी. केवढं जड गेलं असेल त्यांना! मी त्यांना टॉवेल दिला आणि ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं, हसण्यासकट. डोकं पुसता पुसता ते हळूच म्हणाले, "ताई मोठ्या माणसांना एकट्याने भेटतात का गं?"

"भेटतात की. सतरंजीवर बसावं लागतं मात्र."

पुढच्या वेळी बाबा एकटेच गेले. त्या ताईंचे, त्या कुरकुरत्या खोलीचे आणि सोबत यायला सांगितल्यावर काम टाकून आलेल्या माझ्या घरच्यांचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही. मी काही त्या दिवशी केंद्रावर गेले नाही. यंदाच्या परीक्षेचा अभ्यास पडला होता ना!