धाकटी कळसूबाई

आमच्या ह्यांना जगातला कुठलाही डोंगर कळसूबाईशी ताडून बघायची खोड आहे. आमची लेक क्षिप्रा नॉर्वेच्या पार उत्तरेला नोकरीला लागली. खिडकीसमोरच्या शिखराची उंची तिने सांगितली, तेराशे मीटर, तर हे हसलेच. "आपली कळसूबाई सोळाशेच्या वर आहे. ही धाकटी!" त्या शिखराचं खरं नाव ह्यांना उच्चारता येत नाही, त्यामुळे आमच्या वर्तकनगरात तरी ती धाकटी कळसूबाईच.

क्षिप्राने फोनवर कितीदा समजावलं. "बाबा, हाइटवर जाऊ नका हो. इथे सहाशे मीटरच्या आतच झाडं संपतात. शेवटची तर कमरेएवढी, वाकडीतिकडी. वर नुसता दगड, शेवाळ नि बर्फ. जुलैमध्येपण बर्फ पडतो कधीकधी. समुद्र जवळ आहे, त्यामुळे ढग कधी येतील, काही भरवसा नाही."

हे सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "पण उंची तेराशेच ना?" मी कपाळावर हात मारून घेई.

ह्यांचा रविवारी डोंगर चढणाऱ्यांचा ग्रुप आहे, सगळे साठीपुढचे. त्यांचा एक नियम आहे. नारळ माथ्यावरच फोडायचा, वर नेलेला खाली आणायचा नाही. एकदा दम लागलेल्या मित्रालाही ह्यांनी नारळासाठी माथ्यापर्यंत ओढत नेलं होतं. फेब्रुवारीत क्षिप्रा घरच्या लग्नाला आली, तर जाताना ह्यांनी तिच्या बॅगेत नारळ कोंबलाच. "माथा गाठल्याशिवाय फिरायचं नाही," हेही वर ऐकवलं.

मार्चमधल्या एका रविवारी ती मैत्रिणीबरोबर निघाली. पायथ्याच्या कॅमेऱ्यातून तो डोंगर इंटरनेटवर दिसतो. आम्ही ते चित्र टीव्हीवर लावून बसलो. आधी सगळं लख्ख दिसत होतं. जेवून उठलो तर पडदा पांढराफटक.

"कॅमेरा बिघडला," हे म्हणाले.

"ढग आहे तो. आणि पोरगी त्यात आहे."

हे तिला फोन लावायला लागले. फोन लागत नव्हता. चहा केला, तो तसाच निवला. मला ह्यांचा इतका संताप आला होता, की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दिवेलागणीला फोन आला. "बाबा, मी परत फिरले. माथा जवळच होता. वारा नुसता ढकलत होता, दिसत काहीच नव्हतं, तरी मीच म्हणत होते, थोडंच राहिलंय. मग दम खायला थांबलो आणि मी सवयीने नारळ कानाशी धरून हलवला. वाजलाच नाही. पाणी आत गोठलेलं. न वाजणारा नारळ देवापुढे ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? म्हटलं, चला खाली. पायथ्याच्या झोपडीत येऊन हातमोजे काढले, तर बोटं पांढरी पडलेली."

"आता?"

"शेगडीपाशी बसलेय. ठणकतायत, पण लाल झालीत. सॉरी बाबा, नारळ खाली आणला."

हे हळूच म्हणाले, "आता वाजतोय का बघ."

फोनमधून बारीक खळखळ ऐकू आली.

"वाजतोय, बाबा."

"मग चटणी कर त्याची," हे म्हणाले आणि रडायला लागले.