शनिवारची शिफ्ट ट्वाइलाला द्या

व्हर्जिलच्या खाणावळीत शिफ्ट नको असली, तर तोंडावर नाही म्हणायची रीतच नव्हती. वेट्रेस म्हणायची, "अमकीला द्या, तिला गरज आहे." त्यात मैत्रिणीचं भलं व्हायचं आणि मालकाचंही अडायचं नाही. रोनेट वर्षानुवर्षं हेच म्हणत आली होती.

महामारीत बंद पडलेली खाणावळ मे महिन्यात अर्धीमुर्धी उघडली आणि व्हर्जिलचा फोन आला. "काय गं रोनेट, शनिवारी सकाळी येतेस का?"

"शनिवारची ट्वाइलाला द्या, तिला गरज आहे," ती सवयीने बोलून गेली. "आई ऑक्सिजनवर आहे, ठाऊकच आहे तुम्हाला. मी काही घरात आणलं तर म्हातारी जाईल हो."

"बरं बरं. तुझ्या आईला, ओपलला, विचारलं म्हणून सांग," मेला गोडगोड म्हणाला. फोन ठेवला आणि लगेच सरकारला कळवलं, की काम देऊ केलं, बाईने नाकारलं.

झालं! काम नाकारलं, म्हणून रोनेटचा बेकारभत्ता बंद. मायलेकींचं पोट त्याच्यावरच होतं. रोनेट फोन लावून लावून रडकुंडीला आली, तेव्हा कुठे कार्यालयातली बाई बोलली. "तुम्ही नकार दिलात ना?"

"नकार कसला! आम्ही तसंच बोलतो हो. शिफ्ट मैत्रिणीला दिली."

"म्हणजे नकारच. अपील करा. वेळ लागेल."

तिने अपील केलं. पण विजेचं बिल थकलेलं, आणि वीज तोडली तर आईचं यंत्रही बंद. रोनेट निमूट कामावर गेली. व्हर्जिलने हसत एप्रन पुढे केला. "आलीस? फुकटचं खायची चटक लागली होती ना?" गिऱ्हाइकं मास्क न लावता पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतून घेत होती आणि तिच्या तोंडावर खोकत होती.

घरी ती मागच्या पडवीत कपडे बदलायची, आईशी दारातूनच बोलायची. "मला महारोग झालाय का गं? जवळ ये की," ओपल चिडवायची.

जूनमध्ये म्हातारी खोकायला लागली. हॉस्पिटलवाल्यांनी तिला आत घेतलं, लेकीला बाहेर ठेवलं. आई गेल्याचं रोनेटला पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या फोनवर कळलं. मातीच्या दिवशी व्हर्जिलने हॅमचं भलंमोठं ताट पाठवलं. लाज कशी वाटली नाही त्याला!

सुनावणी ऑगस्टमध्ये झाली, फोनवरच. रोनेट खाणावळीच्या कोठारात पिठाच्या पोत्यावर बसून ऐकत होती.

"तुमचं म्हणणं पटलं," अधिकारी म्हणाला. "आईसाठी काम टाळलंत, हे कारण योग्य आहे. निकाल तुमच्या बाजूने. आई तुमच्याकडेच असतात ना अजून?"

"गेली."

"अरेरे. केव्हा?"

"मी कामावर परत आल्यावर."

"वाईट वाटलं. भत्ता मात्र तुम्ही कामावर परत जाईपर्यंतचाच मिळेल. आणि यापुढे काम टाळायला ते कारण चालणार नाही, बरं का."

तिने फोन ठेवला, तोच बाहेरून व्हर्जिल ओरडला, "रोनेट, शनिवारी सकाळी कोण येतंय?"

ट्वाइलाचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"मी येते," ती म्हणाली.