धबधब्याची भिंत

अजूनही कोणी वास्तुपूजेचं नाव काढलं का माये कान तापते बापा.

मले दिसत नव्हतं. जरासं नाही, काहीच नाही. पण घरात हे कोणाले माहीत नव्हतं, अन् मी माहीत होऊ देणार नव्हती. माई मोठी बहीण राधा आंधळी झाली, तर तिच्या सुनांनी तिले ओसरीतल्या खाटेवर बसवलं ते बसवलंच. ताट पुढं सरकवत, पण भाजी कोणती करू म्हणून कोणी विचारे नाही. तसं जगण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं.

प्लांटनं दिलेल्या सेक्टरच्या लहानशा क्वार्टरात ते सोपं होतं. हात लांब केला का भिंत. पाण्याच्या टाकीकडची थंडगार, स्टोव्हकडची तेलकट, मधातल्या दाराच्या चौकटीले एक खाच. मी सरसर चाले. सून रमा शेजारणीले सांगे, "आमच्या आईचे डोळे अजून पक्के आहेत." सुई ओवायची असली का मी नातीले हाक मारे, "ये वं कमल, माया चष्मा सापडून नाही राहिला."

मग माया लेकानं, किस्नानं, नेहरू नगरात घर बांधलं. तो प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात, नकाशा त्याचाच. पूजेच्या तयारीले आम्ही आधीच राहाले आलो. हॉल कसला, मैदान! हात लांब करा, काही लागतच नाही. बोललं तर आवाज कोणीकडून वापस येते तेही समजत नाही. वरून रमानं सामान उतरवता उतरवताच सांगून ठेवलं, "आई, नवीन डिस्टेंपर आहे. भिंतीले हात नका लावू, डाग पडते."

"मले काय गरज पडली?" मी म्हटलं, अन् हात पदरात गुंडाळून बसली.

किस्नाचा जीव मात्र समोरच्या भिंतीत अडकला होता. तिच्यावर तो सीनरीचा कागद लावणार होता, जंगल अन् धबधबा. "माय, तू पाहाच. तिथं भिंत आहे असं वाटणारच नाही. घर थेट जंगलापर्यंत गेलं असं वाटते." महिनाभर हेच ऐकून राहिली होती मी. पूजेच्या आदल्या दिवशी कारागीर आले, कागद चिकटवाच्या लेईचा वास आला. मी समजली, झालं काम.

दुसऱ्या दिवशी प्लांटातले साहेब लोक, जुन्या शेजारणी, सगळे हॉलात जमले. शेजारणींतल्या सिंधुताईनं विचारलं, "सांगा अंजनाबाई, लेकाचं घर कसं वाटते?"

मी तयारच होती. भिंतीकडं तोंड केलं अन् म्हटलं, "काय सांगू बाई! त्या धबधब्याचं पाणी अंगावर उडते का काय असं वाटते. अन् झाडं किती हिरवी! मी तर सकाळपासून पाहूनच राहिली."

मागं एक पोरगी फिसकन हसली, तिले कोणीतरी चापट मारली.

"माय," किस्ना हळूच म्हणाला, "कागद रात्रीच ओलीनं सुटला. आम्ही काढून टाकला. भिंत कोरी आहे."

एकदा नुसता हात लावला असता तर समजलं असतं! एवढी जाणती बाई मी, भर पाहुण्यात कोऱ्या भिंतीची तारीफ करत उभी. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तोंड कोणीकडं लपवावं तेही समजेना. माया हातातला प्रसादाचा शिरा तसाच राहिला.

पाहुणे घाईघाईनं जेवले अन् गेले. किस्ना माया पायाशी येऊन बसला.

"कधीपासून, माय?"

आता लपवाले राहिलंच काय होतं? "कमलच्या बारशाले पाळण्यात वाकली, तं पोरीचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून."

कमल दुसरीत होती.

"म्हणजे तुम्ही हिले कधी पाहिलंच नाही?" रमानं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"पाहिलं नं. रोज वेणी घालते तिची. कपाळ तुयावर गेलं, हनुवटी किस्नाची."

रमा रडाले लागली. तिनं माया मनगटाले धरून मले उठवलं अन् भिंतीपाशी नेलं. "लावा हात, आई. पाहिजे तिथं लावा. मेला तो रंग!"

माया हाताले शिऱ्याचं तूप होतं. मी आधी हात पदराले चांगला घासून पुसला, अन् मग भिंतीले लावला.